माणसांचा चष्मा

माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, हिच्याबद्दल थोडं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मला ते नीट जमेल असं नाही. पण मधल्या काळात तिच्याबद्दल लोक जे बोलले ते बरंचसं चुकीचं होतं, आणि त्या वेळी तिच्याजवळ मीच होतो.

वहिनी कापडाच्या गिरणीत विणकाम खात्यात होती. लग्नाआधी कामाला लागली, ती थेट गिरणी बंद पडली तेव्हाच बाहेर आली. लांबच लांब शेड, वर पत्रे आणि खाली यंत्रमागांच्या रांगा. प्रत्येक मागात धोटा धागा घेऊन या टोकाला आपटणार, लगेच त्या टोकाला आपटणार. असे शेकडो माग एकदम चालू असत. दादाचा काही निरोप द्यायला मी एकदा तिथे गेलो होतो. दारातच दोन्ही कान दाबून उभा राहिलो. आत मात्र बायका मजेत गप्पा मारत होत्या. आवाज कुणाचाच नव्हता. ओठ मोठे करून, सावकाश, नुसती तोंडं हलत होती आणि तीन माग पलीकडची बाई पोट धरून हसत होती. वहिनीने मला पाहिलं आणि तिथूनच ओठांनी विचारलं, ‘काय झालं?’ एवढं मलाही कळलं. मी निरोप सांगितला. माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, पण तिने मान हलवली आणि म्हणाली, ‘येते.’

घरी आल्यावरही तिची ती सवय सुटायची नाही. स्वयंपाकघरातून ती नुसतेच ओठ हलवून काहीतरी विचारायची आणि दादा वैतागायचा.

‘‘अगं, माशासारखं काय तोंड हलवतेस? आवाज सोड जरा!’’

मग ती असा काही आवाज सोडायची की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून विचारायचं, काय झालं म्हणून. दादा कपाळाला हात लावायचा.

पण आमच्या घरात ऐकून घेणारं माणूस म्हणजे तीच. मी फार हळू बोलतो. शाळेत मास्तर म्हणायचे, हा मनात उत्तर देतो. पुढे नोकरीतही तेच, कुठे काही सांगायला गेलो की समोरचा मान पुढे करून म्हणणार, ‘काय? मोठ्याने बोला की!’ एकदा ‘काय?’ आलं की मला पुन्हा बोलवत नाही. वहिनीने मला उभ्या आयुष्यात कधी ‘काय?’ विचारलं नव्हतं. समोर बसायची, सरळ तोंडाकडे बघायची आणि सगळं ऐकायची. नातेवाइकांत जे कुणी बुजरे होते, ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, ते सगळे तिच्याकडे येऊन बोलत बसायचे. ‘ऐकावं तर हिने,’ असं सगळे म्हणायचे.

दादा गेला. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच त्याने लग्न केलं. वहिनी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, तोही एकटाच. संध्याकाळी मी तिच्याकडे जायचो. खिडकीजवळच्या टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मुलाचा फोन आला की ती एका दमात ‘जेवलास का, वेळेवर झोपतोस का, बायकोला जप’ एवढं बोलायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. ‘‘घ्या, तुम्ही बोला. याच्या फोनला आवाजच नाही.’’

त्या दिवसांत तिच्याकडे एक जुना चष्मा होता. फुटपाथवरच्या विक्रेत्याने टोपलीत हात घालून काढून दिलेला. तो तिने डोळ्यांवर चढवला, त्या माणसाकडे बघितलं आणि हाच द्या म्हणाली. त्यातून लांबचं धड दिसायचं नाही आणि पेपर हात लांब करून वाचावा लागायचा. तरी ती तो दिवसभर लावायची. एक दिवस चुकून ती त्याच्यावरच बसली. दोन्ही काचा गेल्या.

‘‘बरं झालं,’’ मुलगा फोनवर मला म्हणाला. ‘‘काका, आता तिला चांगल्या दुकानात न्या. डोळे नीट तपासून घ्या.’’

मी तिला घेऊन गेलो. डोळे तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी वहिनीला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, मी बाहेर बाकावर बसलो. आत काय झालं ते आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘आजींना लांबचं बघायला आणि वाचायला चष्मा लागतो. दुसरं काही काम नाही ना, विचारलं, तर हो म्हणाल्या.’’

काउंटरवरच्या माणसाने दोन प्रकार दाखवले. एकात वरचा भाग लांबचा आणि खाली वाचायची छोटी खिडकी, मध्ये रेघ दिसते. दुसऱ्यात रेघ नसते, नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो, पण त्याची सवय व्हावी लागते आणि जिना उतरताना पहिल्यांदा पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात. जिना म्हटल्यावर मी घाबरलो. ‘‘रेघेचाच द्या,’’ मी म्हणालो. वहिनी सगळ्याला मान डोलावत होती.

चष्मा आला तेव्हा ती लहान मुलीसारखी खूश झाली. बाल्कनीतून बसच्या पाट्या वाचून दाखवायला लागली. ‘‘भाऊजी, समोरच्या गच्चीवर त्या कबुतराच्या पायात दोरा अडकलाय बघा!’’ मला कबूतरही दिसत नव्हतं. मग पेपर घेऊन बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा तिने वाचल्या. मी तिला काहीतरी सांगितलं. आता आठवत नाही काय ते.

‘‘काय?’’ ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

‘‘काय म्हणालात?’’

मला वाटलं, वहिनीपण आता कंटाळली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘‘या चष्म्याने नीट ऐकू येत नाही हो.’’

मला हसू आलं. कुणालाही आलं असतं. जिन्यात समोरची शेजारीण भेटली, तिला मी ते सांगितलं, आणि तिने इमारतीत सगळ्यांना सांगितलं. भाजीवाला म्हणाला, ‘‘आजी, मग कानाला लावून बघा!’’ वहिनीला तेही कळलं नाही. ती म्हणाली, ‘‘नको, परवाचीच शिल्लक आहे.’’

काही दिवस सगळे हसले. मग हसणं थांबलं. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘आज मी विचारलं, नळाला पाणी आलं का? तर म्हणाल्या, हो, पुढच्या आठवड्यात येणार आहे, मुक्काम करून जाईल. अहो, पाणी मुक्काम करतं का? मला तर बाई भीती वाटते. गॅस वगैरे चालू ठेवला तर?’’

तिनेच मुलाला फोन केला असावा. त्याचा मला आला.

‘‘काका, खरं सांगा. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय का?’’

मला ठाम काही सांगता आलं नाही. तो म्हणाला, महिनाअखेरीला येतो, स्वतः बघतो. तसंच असेल तर घर बंद करायचं आणि तिला घेऊन जायचं. त्याच्या घराजवळ एक संस्था होती, अशा लोकांची तिथे सोय करतात म्हणे.

हे वहिनीला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ‘‘काय?’’ पुन्हा सांगितलं. ‘‘काय?’’ तिसऱ्यांदा मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. ती दचकली.

‘‘मी कुठे जायची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ती दोघं दिवसभर कामावर. तिथे कुणाच्या तोंडाकडे बघून बोलू? भिंतींच्या? इथे निदान तुम्ही येता.’’

पण माझं येणंही तिला जड व्हायला लागलं होतं. मी बोलायला लागलो की ती कपाळाला आठ्या घालून मान वर करायची, मग खाली करायची, आणि शेवटी नुसतं ‘हो हो’ म्हणायची. एके दिवशी म्हणाली, ‘‘उद्या नाही आलात तरी चालेल. माझं डोकं दुखतं.’’ मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्या दारात उभी. ‘‘चला, चष्मा बदलून आणू. मला याचं काहीतरी लक्षण ठीक दिसत नाही.’’

दुकानात बाईंनी नंबर पुन्हा तपासला. ‘‘आजी, नंबर अगदी बरोबर आहे.’’

‘‘असेल. पण याने ऐकू येत नाही.’’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आता इथेही हसणार, असं मला वाटलं. बाई जरा हसल्याही. पण त्यांनी वहिनीला खुर्चीवर बसवलं, दिवा लावलेलाच ठेवला आणि काचा बदलता येतात ती गोल जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली. मला म्हणाल्या, तुम्हीही आतच थांबा. मग त्या वहिनीसमोर हातभर अंतरावर स्टुलावर बसल्या आणि एकेक काच घालून विचारायला लागल्या.

‘‘आता कसं वाटतं?’’

‘‘काय?’’

दुसरी काच. ‘‘आता कसं वाटतं?’’

‘‘अं?’’

आणखी एक. ‘‘आता कसं वाटतं?’’

‘‘हां!’’ वहिनी एकदम ताठ बसली. ‘‘आता ऐकू आलं. आता कसं वाटतं, म्हणालात तुम्ही.’’

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी टेबलावरचं अक्षरांचं कार्ड उचललं, आपल्या तोंडासमोर धरलं आणि त्याच आवाजात विचारलं, ‘‘आजी, तुम्हाला मुलं किती?’’

वहिनी कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा कार्डाकडे.

‘‘थांबलात का? बोला की,’’ ती म्हणाली.

बाईंनी कार्ड खाली घेतलं. सावकाश म्हणाल्या, ‘‘आजी, तुम्ही कानांनी ऐकत नाही. तुम्ही ओठ वाचता.’’

‘‘मी? छे! मी काही शिकले नाहीये तसलं. सगळेच बघतात की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. आमच्या खात्यात सगळ्या तसंच ऐकायच्या.’’

‘‘खात्यात म्हणजे?’’

मग मी गिरणीचं सांगितलं. त्या आवाजात तिचे कान कधी गेले ते कुणाला कळलं नव्हतं, आणि तिला तर मुळीच नाही. तिथे कानांचं काही कामच नव्हतं. वहिनी माझ्या ओठांवरून हे सगळं वाचत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने मला विचारलं, ‘‘मग बाकीचे कसं ऐकतात?’’

पुढे कानही तपासले. कानातलं यंत्र मिळालं. ते लावल्या लावल्या तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. ‘‘अगं बाई, खातं चालू झालं पुन्हा!’’ शब्द वेगळे होत नव्हते, नुसता खडखडाट मोठा होत होता. पुष्कळ दिवस प्रयत्न केला, मग यंत्र कपाटात गेलं.

चष्म्याचं मात्र जमलं. बाईंनी समजावून सांगितलं की आधीच्या चष्म्यात वरून रस्ता दिसतो, खालून पुस्तक दिसतं, आणि टेबलापलीकडे बसलेलं माणूस दोन्हींत बसत नाही. त्याचा चेहरा असतो, पण ओठ पुसलेले. फुटपाथवरचा तो जुना चष्मा नेमका त्याच अंतराला लागू पडला होता. पहिल्या खेपेला बाईंनी कामाचं विचारलं होतं, पण खोलीत अंधार होता. वहिनीला ओठ दिसले नाहीत म्हणून तिने आपलं ‘हो’ म्हणून टाकलं होतं.

‘‘बिनरेघेचा केला तर मधलं अंतरही मिळेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण एवढ्याशा पट्ट्यात. मान हलवून बोलणाऱ्याचं तोंड त्या पट्ट्यात धरावं लागेल. नाहीतर तेवढ्या अंतरासाठी एक वेगळाच करू. पूर्ण काच त्याच नंबरची.’’

‘‘माणसं काय पट्ट्यात बसतात होय?’’ वहिनी म्हणाली. ‘‘पुरी दिसू देत. काचाही मोठ्या घाला.’’

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘‘पाकिटावर काय लिहू, लांबचा की वाचायचा?’’

‘‘माणसांचा,’’ ती म्हणाली.

नवा चष्मा आला त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, ‘‘वहिनी, आज वारा सुटलाय.’’

‘‘हो ना, कपडे आत घेतले मी,’’ ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मुलगा ठरल्याप्रमाणे आला. बॅग खाली ठेवली, आईसमोर बसला आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला लागला. आज वार कुठला? तू काय जेवलीस? बाबा कुठल्या महिन्यात गेले? तिने सगळी उत्तरं दिली. मग म्हणाली, ‘‘आता बायकोचं नाव विचार. ते मी मुद्दाम चुकवते.’’

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मी त्याला डोळ्यांचं आणि कानांचं सगळं सांगितलं. मधेच तो ‘मोठ्याने बोला’ म्हणाला, तसं माझं बोलणं थांबलं आणि उरलेलं वहिनीनेच सांगितलं.

‘‘म्हणजे फोनवर तू मला कधी ऐकलंच नाहीस?’’

‘‘आवाज नव्हताच ना. पण तूच बोलत असणार हे ठाऊक होतं. जेवलास का, झोपतोस का, एवढंच तर विचारायचं. त्याला तू काय म्हणणार, ते मला माहीत असायचं.’’

त्याने तिचा हात धरला. मला वाटलं, आता सगळं सुरळीत झालं. वहिनीला हवं होतं तेच होणार होतं. ती शहाणी ठरली होती आणि तिचं घर तिचंच राहणार होतं.

मग तो फोन घेऊन बाल्कनीत गेला. खाली रहदारीचा आवाज होता, म्हणून आत त्रास नको असं समजून त्याने काचेचं दार ओढून घेतलं. वहिनी दारासमोरच बसली होती.

‘‘बायकोशी बोलतोय,’’ ती म्हणाली.

मला काही ऐकू येत नव्हतं. दाराची काच जाड होती.

‘‘आई ठीक आहे म्हणतोय. डोकं शाबूत आहे म्हणतोय.’’ ती खुदकन हसली. ‘‘आता कानाचं सांगतोय. आता ती बोलतेय वाटतं, हा नुसता हूं हूं करतोय.’’

मलाही मजा वाटत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती मला ऐकून सांगत होती.

‘‘नाही, नाही म्हणतोय. आणावं लागणार नाही म्हणतोय. इथंच राहील.’’

मग ती थांबली. तो क्षणभर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि पुन्हा वळला. ओठ अगदी थोडे हलले.

‘‘सुटलो, म्हणाला,’’ वहिनी म्हणाली.

‘‘दुसरं काहीतरी म्हणाला असेल, वहिनी. काचेतून काय कळतं?’’

‘‘त्या तोंडाला बोलायला मी शिकवलंय, भाऊजी.’’

ती उठली, खुर्ची उचलून फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसली. ‘‘दुसऱ्याचं बोलणं असं बघत बसू नये. खात्यात कुणी आपापसातलं बोलायला लागलं की आम्ही तोंड फिरवायचो.’’ मग म्हणाली, ‘‘खरंच आहे त्याचं. मला तरी कुठे जायचंय तिकडे?’’

मुलगा आत आला. फोन खिशात ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. ‘‘आई, तू चल ना आमच्याकडे. थोडे दिवस तरी.’’

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावरही जरा वेळ बघत राहिली.

‘‘नको रे. मी इथे बरी.’’

‘‘बघ हं. मग म्हणशील, मुलाने विचारलंसुद्धा नाही.’’

‘‘नाही म्हणणार,’’ ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. जाताना दोनदा वाकून पाया पडला. मुलगा वाईट नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा वहिनी टेबलाशी बसली होती, माणसांचा चष्मा लावून. दिवसभर कुणी आलेलं नव्हतं, हे कपबशीकडे बघून कळत होतं, एकच उपडी घातलेली होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते मी दिवसभर मनात घोळवलं होतं. काळजीत माणूस काहीही बोलून जातो, त्याचं मनावर घेऊ नये, असं काहीतरी. पण समोर बसल्यावर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ हलत नव्हते, तरी बघत होती.

‘‘तुम्ही काही म्हणालात?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बोला काहीतरी, भाऊजी. काहीही बोला.’’

येताना बसथांब्यावर दोन माणसं एका छत्रीवरून भांडताना मी पाहिली होती. दोघांचं म्हणणं छत्री आपली, आणि शेवटी ती तिसऱ्याचीच निघाली. मी ते सांगायला लागलो. वहिनीने खुर्ची थोडी पुढे ओढली.